पळपुटा म्हणण्याआधी

1537 च्या एप्रिलमध्ये निडारोसचा, म्हणजे आजच्या ट्रोंडहाइमचा, शेवटचा आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्ट्सन जहाजात बसून नॉर्वे सोडून गेला. पुढच्याच वर्षी ब्राबांतमधल्या लियर गावी तो वारला. तेवढ्यावरून त्याच्यावर शिक्का बसला: भाविकांना वाऱ्यावर सोडून चर्चचं धन घेऊन पळाला.

हा आरोप मला मुळीच पटत नाही. 1536 च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या राजाने, तिसऱ्या ख्रिस्तियनने, तिथले बिशप पकडून कैदेत टाकले होते. ऑक्टोबरच्या सनदेत नॉर्वे आता वेगळं राज्य उरणार नाही, असं त्याने लिहूनच दिलं. सम्राट पाचव्या चार्ल्सकडून अपेक्षित असलेली मदत आली नाही. मागे राहून ओलावने काय करायचं होतं? तुरुंगात जायचं?

धनाचं म्हणाल, तर सर्वांत मोलाची वस्तू, संत ओलावची चांदीने मढवलेली अस्थिपेटी, त्याने स्टाइनविकहोल्मच्या किल्ल्यातच ठेवली होती. तिची चांदी वितळवली ती कोपनहेगनमध्ये, राजाच्या माणसांनी.

त्याला स्वातंत्र्यवीर ठरवणंही तितकंच चूक आहे. गादीवर बसवण्यासाठी त्याने पाठिंबा दिला तो जर्मन राजपुत्र फ्रेडरिकला. त्याची लढाई चर्चसाठी होती आणि राजा निवडण्याच्या राजसभेच्या हक्कासाठी. शिवाय 1536 च्या जानेवारीत त्याच्या माणसांनी ट्रोंडहाइममध्ये व्हिन्सेन्स लुंगे या सरदाराला ठार केलं. ते रक्त त्याच्या नावावरून पुसता येत नाही, आणि मला ते पुसायचंही नाही.

पण जाताना त्याने काय सोबत नेलं, ते पाहा. दप्तर नेलं! पत्रांचे गठ्ठे, सरकारी कागद. त्याच्या जमाखर्चाच्या वह्या 1532 पासून थेट 1538 पर्यंतच्या आहेत, म्हणजे परक्या गावात, मरणाच्या वर्षापर्यंत हिशेब लिहिला जात होता. लुटीचा हिशेब कोण ठेवतं? ज्याला उद्या कुणासमोर तरी जाब द्यायचा आहे, तोच पै-पैची नोंद करतो.

ते दप्तर पुढे म्युनिकला जाऊन पडलं; जवळजवळ तीनशे वर्षं ते परदेशातच होतं. 1830 मध्ये त्यातले नॉर्वेचे कागद मायदेशी परतले. त्या धामधुमीच्या वर्षांत नॉर्वेत कोण कुणाला काय लिहीत होतं, हे आज अभ्यासकांना ओलावने नेलेल्या त्या गठ्ठ्यांमधून कळतं.