मोबाईल महागला, त्यामागं एआयची चिप : ज्वारीच्या रानात ऊस शिरल्याची गोष्ट

मागच्या आठवड्यात पोरीसाठी मोबाईल घ्यायला तालुक्याला गेलो होतो. दिवाळीत जो मोबाईल साडेअकरा हजाराला बघून ठेवला होता, तोच आता तेरा हजाराला. मी म्हटलं, "अहो, सणासुदीची सूट गेली म्हणून एवढा फरक?" दुकानदार म्हणाला, "सूट सोडा भाऊ, वरूनच रेट वाढून आलाय. मेमरी महाग झालीय. एआयवाले सगळा माल उचलायलेत."

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. आपण मोबाईलवर प्रश्न विचारतो आणि ते उत्तर देतं, फोटो बनवतं, तेच. त्याचा आणि आपल्या साध्या मोबाईलच्या किमतीचा काय संबंध, हे घरी येऊन नीट बघितलं. दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं.

रान तेच, पीक बदललं

मोबाईलमध्ये रॅम असते. ही मेमरी चिप जगात बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त रॅम या तिघांकडून येते.

एआय चालवणाऱ्या चिपला पण मेमरी लागते, पण ती वेगळी. तिला एचबीएम म्हणतात. मेमरीचे पातळ थर एकावर एक रचून ती बनवतात, त्यामुळं ती फार वेगानं काम करते. तीसुद्धा हेच तिघं बनवतात. मायक्रॉनच्याच म्हणण्याप्रमाणं, साध्या मेमरीएवढीच एचबीएम बनवायला साधारण तिप्पट सिलिकॉन लागतं. पण भाव एवढा चांगला, की तिघांनीही कारखान्यातली जास्तीत जास्त जागा तिला दिली.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हे नवीन नाही. उजनीचं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. रान तेवढंच राहिलं, ज्वारी कमी झाली. मग एक दिवस असा आला की गरिबाची भाकरी चपातीपेक्षा महाग पडायला लागली. ज्वारी खाणारी माणसं काही एकदम वाढली नव्हती, रान दुसरीकडं गेलं होतं. मेमरीचं अगदी तसंच झालंय. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशियल' हा मेमरीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठं गिऱ्हाईक दारात उभं असताना किरकोळ विक्रीत कोण अडकणार?

हे मोठं गिऱ्हाईक कोण?

मायक्रोसॉफ्ट, गुगल, ॲमेझॉन आणि फेसबुकवाली मेटा. या चार कंपन्यांनी २०२५ या एका वर्षात मिळून ३०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसा डेटा सेंटर आणि यंत्रसामग्रीत घातला. आपल्या रुपयात हे सव्वीस लाख कोटींच्या पुढं जातं. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं सगळं बजेट पन्नास लाख कोटींच्या आसपास होतं. म्हणजे आपल्या देशाच्या बजेटच्या निम्म्याएवढी रक्कम चार कंपन्यांनी एका वर्षात लावली.

यातला मोठा वाटा जातो एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीकडं. १९९३ साली निघालेली ही कंपनी कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी चिप बनवायची. तिची चिप एआयला का चालली, ते आपल्या पद्धतीनं सांगतो. साध्या कॉम्प्युटरची मुख्य चिप म्हणजे एक पैलवान. अवघड काम पटापट करतो, पण एका वेळी थोडंच. गेमची चिप म्हणजे खुरपणीची टोळी. एकेकीचं काम साधं, पण हजारो जणी एकदम पात धरून निघाल्या की रान बघता बघता मोकळं. एआयमध्ये असे साधे गुणाकार-बेरजाच असतात, पण अब्जावधी. तिथं पैलवानापेक्षा टोळी कामाची.

एनव्हिडियाची एच१०० नावाची चिप इंच-सव्वा इंच लांबी-रुंदीची आहे. तेवढ्यात आठ हजार कोटी सूक्ष्म बटणं आहेत. एका नगाची किंमत वीस लाख रुपयांच्या पुढं. आपल्याकडचे दोन-तीन ट्रॅक्टर आले! ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीच्या शेअरची एकूण किंमत पाच ट्रिलियन डॉलरवर गेली. जगात एवढी किंमत होणारी ही पहिलीच कंपनी.

जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षाचा तिचा हिशोब बघा. शंभर रुपयांचा माल विकला, तर तो बनवून घ्यायचा खर्च पंचवीस रुपये. उरलेल्या पंचाहत्तर रुपयांतून पगार, संशोधन आणि कर भागवूनही निम्म्याहून जास्त नफा शिल्लक राहतो. आपण शंभर रुपयांचा कांदा विकतो तेव्हा उलटा हिशोब असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

दोन अरुंद खिंडी

गंमत अशी की एनव्हिडियाचा स्वतःचा चिपचा कारखानाच नाही. ती फक्त नकाशा काढते. चिप बनवून देते तैवानची टीएसएमसी. मॉरिस चँग यांनी १९८७ साली ही कंपनी काढली तीच या विचारानं, की स्वतःचा ब्रँड काढायचा नाही, लोकांच्या चिप बनवून द्यायच्या. आज जगातल्या सगळ्यात प्रगत चिपपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास तैवानात बनतात. तैवान केवढं? आपल्या महाराष्ट्राच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढं बेट. आणि त्यावर चीन हक्क सांगतो.

टीएसएमसीला तरी हे कशामुळं जमतं? नेदरलँड्समधल्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रामुळं. हे यंत्र जगात दुसरं कोणीच बनवत नाही. वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला पन्नास हजार, त्यांच्यावर लेझर मारून एक खास प्रकाश तयार करतात आणि त्या प्रकाशानं सिलिकॉनच्या तबकडीवर नक्षी उमटवतात. एका यंत्राची किंमत दीड-दोन हजार कोटी रुपयांच्या घरात.

म्हणजे यंत्र एकाकडं, प्रगत कारखाना मुख्यतः एकाकडं, नकाशा मुख्यतः एकाकडं, मेमरी तिघांकडं. माल कितीही मोठा असो, तो याच खिंडीतून जाणार. खिंडीत जो उभा, तो भाव ठरवणार. आपण हजारो शेतकरी आणि बाजार समितीत घेणारे चार, तिथं भाव कोण ठरवतं ते आपण रोज बघतोच.

निर्यातबंदी त्यांच्याकडंही

खिंड हातात आली की तिथं सरकारही येऊन उभं राहतं. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेनं चीनला प्रगत एआय चिप विकायला बंदी घातली. एनव्हिडियानं चीनसाठी थोडी कमी ताकदीची चिप काढली. २०२३ मध्ये त्यावरही बंदी. मग आणखी कमी ताकदीची एच२० काढली. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही अडवलं. ऑगस्टमध्ये परत सोडली, पण अट अशी की विक्रीतले पंधरा टक्के अमेरिकी सरकारला द्यायचे. तोवर चीन सरकारनंच आपल्या कंपन्यांना ती घेऊ नका म्हणून सांगितलं. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी त्याहून ताकदवान एच२०० विकायला परवानगी देऊ म्हणून जाहीर केलं, हिस्सा पंचवीस टक्के.

हे वाचताना मला आपला कांदा आठवला. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवली ती परत शुल्क लावूनच. आपल्याकडं कारण शहरातला भाव खाली आणायचं होतं, अमेरिकेचं कारण चीनला मागं ठेवायचं. पण परिणाम एकाच वळणावर जातो. आपण कांदा अडवला तसा बांगलादेशानं स्वतःचा कांदा वाढवायला घेतला. अमेरिकेनं चिप अडवली तसं चीननं हुआवेच्या चिपवर जोर लावला. बंद केलेलं गिऱ्हाईक दाराशी वाट बघत बसत नाही. आणि चीनही गप्प बसला नाही. चिप उद्योगाला लागणारे गॅलियम आणि जर्मेनियम हे धातू मुख्यतः तिथून येतात. त्यांच्या निर्यातीवर ऑगस्ट २०२३ पासून चीननं परवान्याची अट घातली.

पाण्याची गोष्ट

आता जी गोष्ट मला शेतकरी म्हणून सगळ्यात जास्त लागली, ती सांगतो. चिप बनवताना तबकडी पुन्हा पुन्हा धुवावी लागते, तीही अतिशुद्ध पाण्यानं. टीएसएमसीला तैवानात रोज पंधरा कोटी लिटरच्या आसपास पाणी लागत होतं. २०२० साली तैवानवर एकही चक्रीवादळ धडकलं नाही, छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा. वादळ नाही म्हणजे पाऊस नाही, धरणं तळाला गेली. तेव्हा सरकारनं सुमारे ७४ हजार हेक्टरचं शेतीचं पाणी बंद केलं. भाताची रानं पडीक राहिली. शेतकऱ्यांना भरपाई दिली, ही गोष्ट खरी. चिप कंपन्यांनाही पाणी कमी करायला सांगितलं, त्यांनी टँकर मागवले. पण कारखाने चालू राहिले आणि पाटाला पाणी आलं नाही.

उजनीच्या पाळीची वाट बघणाऱ्या माणसाला यात जास्त काही समजावून सांगायची गरज नाही. चिपचा कारखाना आपल्याकडं यावा, पोरांना काम मिळावं, हे मलाही वाटतं. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा. दुष्काळात पहिलं पाणी कुणाचं, आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून परत किती वापरणार?

आपण कुठं आहोत?

कारखान्याचं राजकारण आपण बघितलंच. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणता म्हणता सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला. राज्यात केवढा गदारोळ झाला. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. म्हणजे ज्यावरून भांडलो, तो तसा उभाच राहिला नाही.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना आणली. त्यातून गुजरातच्या धोलेरात टाटांचा ९१ हजार कोटींचा कारखाना होतोय, तैवानच्याच पीएसएमसी कंपनीच्या मदतीनं. पण तिथं २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पद्धतीच्या चिप बनणार आहेत. त्या गाड्यांना, घरगुती यंत्रांना लागतात. कामाच्या आहेत, पण एआयची चिप ती नव्हे. बातमीत 'चिप' शब्द आला की सगळं एकच धरू नका. नकाशा, बनवणं, की नुसतं जोडणी-तपासणी, हे विचारायचं.

एआयसाठी सरकारनं वेगळा मार्ग धरलाय. इंडिया एआय मिशनमध्ये ३८ हजार चिप गोळा करून त्या संशोधकांना, नव्या कंपन्यांना तासाला साधारण ६५ रुपये दरानं भाड्यानं द्यायच्या. आपल्या गावातल्या अवजार बँकेसारखंच. ट्रॅक्टर घ्यायची ऐपत नसली तरी रान नांगरून होतं. मात्र ट्रॅक्टर बनवणारा दुसराच असतो, आणि त्यानं द्यायचा नाही म्हटलं तर बँकही रिकामी.

हे आपल्या शेतापासून लांबचं नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसात एआयचा प्रयोग केला. पाणी कधी द्यायचं, खत किती, हे मोबाईलवर सांगायचं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरणही मंजूर केलं. तो सल्ला तयार होतो कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या चिपवर. त्या चिपचा भाव चढला तर आज ना उद्या सल्ल्याचाही भाव लागणार. फुकट आहे तोवर वापरून बघा, पण दर कोण ठरवणार हे करार करतानाच विचारून ठेवा.

मग मोबाईल आता घ्यावा का?

मेमरीचा बाजार कांद्यासारखाच वर-खाली होतो. २०२३ मध्ये माल एवढा पडून होता की या तिन्ही कंपन्यांचा मेमरीचा धंदा तोट्यात गेला, उत्पादन कमी करायची वेळ आली. आता भाव आहे म्हणून सगळे नवे कारखाने काढतायत. पण चिपचा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळं लगेच स्वस्ताई येईल असं दिसत नाही. एआयची मागणी अचानक बसली तर गोष्ट वेगळी. तसा धक्का बसू शकतो, हे २७ जानेवारी २०२५ ला दिसलं. चीनच्या डीपसीकनं कमी चिपमध्ये चांगलं एआय बनवल्याचं कळलं आणि एनव्हिडियाची किंमत एका दिवसात जवळपास ५८९ अब्ज डॉलरनं घसरली. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर चिपच्या शेअरचा सल्ला दिला तर उसाचं बिल तिकडं वळवू नका.

मोबाईलची खरंच गरज असेल तर घ्या, हौस असेल तर थांबा. घेताना किमतीबरोबर रॅमचा आकडा बघा. भाव तोच ठेवून आतली मेमरी कमी करणं, हाही महागाईचाच प्रकार आहे. जुना चालत असेल तर बॅटरी बदलून वर्षभर काढा.

मी पोरीला माझा मोबाईल दिला. माझ्यासाठी जुन्याचीच बॅटरी बदलून घेतली, नऊशे रुपयांत. ही बातमी त्यावरच टाईप केलीय.