काळोख्या विनोदाची कोकणी वाट

पिंगुळी (ता. कुडाळ) : दोन भाडोत्री मारेकरी एका जुन्या, देखण्या शहरात लपून बसतात. त्यातील एकाच्या हातून चुकून एक लहान मुलगा मारला गेलेला असतो. मार्टिन मॅक्डोना यांच्या 2008 मधील 'इन ब्रूज' या ब्रिटिश चित्रपटाचे कथासूत्र एवढेच. प्रेक्षक हसतो आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळतो. बेल्जियममधील त्या शहराचे कालवे आणि घंटाघर वगळले, तर ही कथा उभीच राहत नाही. गाव हेच तिथे पात्र आहे.

या जातकुळीचा मराठी चित्रपट शोधायचा झाल्यास कोकणातच यावे लागते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'नारबाची वाडी' सप्टेंबर 2013 मध्ये प्रदर्शित झाला. मूळ कथा मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकाची. तपन सिन्हा यांनी 1980 मध्ये तिच्यावर 'बांछारामेर बागान' काढला होता. वृद्ध नारबाला मरेपर्यंत पैसे द्यायचे आणि मेल्यावर वाडी आपली, असा करार जमीनदार करतो. पण म्हातारा मरतच नाही! मृत्यूची वाट पाहणाऱ्यांची ही फजिती आहे. मात्र ज्यांच्या सातबाऱ्यावर परक्यांची नजर आहे, त्यांना ती निव्वळ गंमत वाटत नाही.

12 सप्टेंबर 2025 रोजी आलेल्या सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार'मध्येही दिलीप प्रभावळकरच आहेत आणि संवाद गुरू ठाकूर यांचेच. दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी जमीनच आहे. फरक असा की, बारा वर्षांत खलनायक गावच्या जमीनदाराकडून खाणमालकाकडे सरकला आहे. मुलगा गमावलेला दशावतारी बाबुली मेस्त्री एकेका अवताराचे सोंग घेऊन सूड उगवतो. ऐंशी ओलांडलेल्या नटाने ही भूमिका पेलावी, हे थक्क करणारे आहे.

ही भीती पडद्यापुरती नाही. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै 2021 मध्ये लोहखनिज खाणीचा बांध फुटून पाणी गावात शिरले. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे निर्देश केंद्राला दिले. एवढी पार्श्वभूमी असल्यावर सूडकथेला टाळ्या पडणारच. तरीही एक उणीव जाणवते. दशावतारातला संकासुर मालवणीत बोलून मोठमोठ्यांची टोपी उडवतो. तो तिरकसपणा 'नारबा'त होता. 'दशावतार'मध्ये संतापाने त्याची जागा घेतली. सूड पाहून प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो, तिरकस हसू मात्र त्याला टोचत राहते.

पिंगुळीच्या गुढीपूर भागात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. चित्रांची पोथी समोर धरायची, एकामागून एक चित्र पुढे करायचे, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग सांगायचे. पटकथा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभलेली ही कला पुढे उपेक्षित राहिली. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान मिळाला, पण मिळकतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कोकणची पार्श्वभूमी मराठी चित्रपटाला आता चांगलीच मानवू लागली आहे. नदी, देवराई, कौलारू घर आणि मालवणी हेल हे सारे कॅमेऱ्याला हवे असते. कथा रचण्याच्या, संवाद लिहिण्याच्या टप्प्यावर मात्र इथल्या कलावंताला कोण बोलावतो? मॅक्डोना ब्रूजला पाहुणे म्हणून गेले आणि पाहुण्याच्या नजरेने त्यांनी लिहिले. पिंगुळीत तर गोष्ट सांगणारी घराणीच गावात आहेत, आणि निर्मात्यांच्या गाड्या अजून त्यांच्या अंगणापर्यंत क्वचितच येतात.