शिदोरी केवळ पिठाची नसते

गेल्या दिवाळीत श्रीगोंद्यातील एका स्नेह्यांच्या घरी फराळाला गेलो होतो. दारी आकाशकंदील होता, अंगणात रांगोळी होती; पण घरात कुणाच्याही मुखावर दिवाळी नव्हती. त्यांचा मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्यार्थी-विनिमय योजनेखाली वर्षभरासाठी जर्मनीला गेलेला. जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि आदल्या रात्री त्याने आईला सांगितले होते, "मला इथे राहायचे नाही." माउलीने क्षणाचाही विलंब न लावता "ये बाळा" म्हटले होते. उसाच्या बिलातून आणि पतसंस्थेच्या कर्जातून पैसा उभा करणारे वडील मात्र निःशब्द बसले होते. "तुम्हीच सांगा, बोलवावे का?" त्यांनी मला विचारले.

मी मुलाशी बोललो. तक्रारी तशा साध्याच होत्या. दिवस आखडू लागलेले, रविवारी दुकाने बंद, रात्री दहानंतर आवाज न करण्याचा दंडक, कचरासुद्धा वेगवेगळ्या डब्यांत टाकण्याची शिस्त आणि न कळवता कुणाच्या दारी जाण्याची सोय नाही. पण खरे शल्य वेगळेच होते. शेजारच्या खोलीतील मुलाने सहज विचारले, "तुझे गाव कसे आहे?" आणि 'लहान आहे' याखेरीज त्याला काही सांगता आले नाही.

हा दोष एकट्या त्याचा आहे काय? आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगावा, हे आपण मुलांना शिकवतो. परंतु ज्याचा अभिमान बाळगायचा, त्याचा परिचय करून देतो का? ज्या गावात महादजी शिंद्यांचा वाडा आहे, जेथे 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या संतकवी शेख महंमदांची समाधी आहे, ज्या परिसरातील लिंबाला दूरदूरच्या बाजारांत मागणी आहे, त्या गावचा मुलगा परदेशी निरुत्तर होतो, तेव्हा आपण त्याला काय शिदोरी दिली, याचा विचार वडीलधाऱ्यांनीच करावयास हवा.

परदेशी शिकायला जाण्याची महाराष्ट्राला परंपरा आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात त्यांना घरचा जिव्हाळा लाभला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आपला आहार आणि साडी सोडली नाही. आणि जपान व सीरियाहून आलेल्या विद्यार्थिनींच्या सोबतीने शिक्षणही घेतले. मार्च 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. पण कडाक्याची थंडी, अपुरा आहार आणि क्षय यांनी त्यांचा देह पोखरला. फेब्रुवारी 1887 मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या निग्रहापुढे नतमस्तक होताना त्याची ही किंमतही आपण विसरता कामा नये. केवळ निग्रह पुरत नाही. तयारी लागते आणि माणसे लागतात.

1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातील अन्न त्यांना मानवले नाही. त्यांनी ती जागा सोडली; ध्येय सोडले नाही. पुढे नवल भथेना या पारशी सहाध्यायाची त्यांना साथ मिळाली आणि ती मैत्री जन्मभर टिकली.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला. आरंभीचा उत्साह, मग ओसरते मन आणि नंतर सावरणे, असा क्रम त्यांना आढळला. प्रत्येकाचे मन या रेषेवरून चालते असे नाही. पण मधला उतार म्हणजे पराभव नव्हे, एवढे घरच्यांना ठाऊक असले तरी पुरे.

2022 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांशी संयुक्त पदव्यांचे नियम केले आहेत. उद्या तालुक्या-तालुक्यांतून मुले जातील. त्यांना निघण्यापूर्वी भात, पिठले आणि पोळी करता आली पाहिजे. आपल्या गावाविषयी अर्धा तास बोलता आले पाहिजे. तेथे गेल्यावर केवळ आपल्याच मंडळींचे कोंडाळे करून राहू नये. आणि आई-वडिलांनी रोज तीनदा पडद्यावर चेहरा पाहण्याचा हट्ट सोडावा. त्याने मुलाचा पाय तेथे रुजत नाही. मात्र मूल खाणे-झोपणे विसरले, बोलेनासे झाले, तर तेथील डॉक्टरांची मदत घ्यावी आणि गरज पडल्यास निःसंकोच परत बोलवावे. परतण्यात नामुष्की नाही.

मी त्या स्नेह्यांना एवढेच सांगितले, "नाताळपर्यंत थांबा. तोवर आठवड्यातून एकदाच बोला. पण बोलाल तेव्हा त्याला गावाची एकेक गोष्ट सांगा." वडिलांनी ते मनावर घेतले. शेख महंमदांच्या समाधीचे, वाड्याचे आणि लिंबाच्या लिलावाचे वर्णन ऐकता ऐकता मुलगा प्रश्न विचारू लागला. एके रविवारी त्याने वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात पिठले-भात केला आणि सहा देशांच्या मुलांना जेवायला बसवले.

मुलगा राहिला. वडील म्हणाले, "त्याला सांगायचे म्हणून मीही पस्तीस वर्षांनी वाडा पुन्हा नीट पाहिला."