मांजर लांब का जात नाही?

"स्क्रॅच? अगं, ते लहान मुलांचं असतं ना?"

लॅपटॉपवर ती नारिंगी मांजर दिसली रे दिसली की होस्टेलवर हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ हशा! खोटं कशाला बोलू, मीही तशीच हसायचे. म्हणून आज हा लेखप्रपंच. (कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी थोडं मिक्स आहे, सांभाळून घ्या.)

मागच्या एनएसएस कॅम्पमध्ये गावातल्या शाळेत दोन तास कॉम्प्युटर शिकवायची ड्यूटी माझ्याकडे आली. मी स्क्रॅच निवडलं, कारण सोपं. कोड टाइप करायचा नाही, सेमीकोलन विसरायची भीती नाही. रंगीत ठोकळे उचलायचे आणि एकाखाली एक जोडायचे. सातवीतल्या एका मुलीने दहा मिनिटांत मांजर चालवली, उड्या मारायला लावली आणि मग मला विचारलं, "ताई, ही डावी-उजवीकडे जाते, वर-खाली जाते. पण लांब का नाही जात?"

मी म्हटलं, "त्यात थ्रीडी नसतं गं." विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही. मॅथ्सला चांगले मार्क, ग्राफिक्सचं जर्नल वेळेत सबमिट, रोटेशन मॅट्रिक्स झोपेतही लिहून दाखवेन. आणि एका सातवीच्या मुलीला मी काय सांगितलं, तर 'नसतं'!

तसं ते खरंही आहे. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या ग्रुपने बनवलेलं स्क्रॅच 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचं स्टेज 480 बाय 360 चं. एक्स आहे, वाय आहे, झेडचा ठोकळाच नाही. पण विचार करा, आपल्या मॉनिटरला तरी कुठे झेड आहे? तोही सपाटच. म्हणजे थ्रीडी हा सगळा डोळ्यांना फसवायचा धंदा आहे, आणि फसवायला स्क्रॅच पुरेसं आहे.

एसटीच्या खिडकीतून बघा. जवळचे विजेचे खांब भर्रकन मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. स्क्रॅचमध्ये डोंगर हळू आणि झाडं जोरात सरकवा, सपाट चित्राला लगेच खोली येते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे साइज. वस्तू दुप्पट लांब गेली की निम्मी दिसते. मग झेड नावाचा एक व्हेरिएबल आपणच बनवायचा आणि एक्स, वाय आणि साइज, तिघांनाही त्याने भागायचं. बस्स! फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना ठाऊक असलेली आणि आल्बर्टीने 1435 मध्ये लिहून ठेवलेली पर्स्पेक्टिव्हची युक्ती एका भागाकारात मावते. आपण ड्रॉइंगच्या शीटवर व्हॅनिशिंग पॉइंटकडे रेघा ओढल्या, तेव्हा हेच करत होतो. मला ते तेव्हा कळलंच नव्हतं.

कॅम्पहून परत आल्यावर मी क्यूब करायला बसले. आठ बिंदू, बारा रेघा, पेनचे ठोकळे. फिरवायचा फॉर्म्युला पाठच होता: नवा एक्स म्हणजे एक्स कॉस थीटा वजा झेड साइन थीटा, नवा झेड म्हणजे एक्स साइन थीटा अधिक झेड कॉस थीटा. दर वेळी पाच अंश. क्यूब फिरला! पण फिरता फिरता आक्रसायला लागला, आणि काही फेऱ्यांत पार उभ्या रेघेसारखा झाला. रात्रीचे दोन वाजले, रूममेट शिव्या देऊन झोपली, तरी चूक सापडेना.

सापडली ती अशी. मी एक्स आधी बदलत होते आणि झेड काढताना तो बदललेला एक्स वापरत होते. जुना एक्स बाजूला काढून ठेवायला हवा होता. कागदावर मांडून पाहिलं, तर माझ्या चुकीच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट कॉस स्क्वेअर थीटा येत होता. तो एकपेक्षा कमी, म्हणून प्रत्येक पावलाला क्यूब थोडा लहान! डिटर्मिनंट म्हणजे 'आकार किती पट झाला', हे पुस्तकात होतं, पेपरात मी लिहिलंही होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या रात्री.

आता माझं म्हणणं. ग्राफिक्सच्या लॅबमध्ये लायब्ररीचं एक फंक्शन कॉल केलं की क्यूब फिरतो. सीनियरचं जर्नल समोर असतं, प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात रन होतो, सही मिळते आणि डोक्यात काहीच शिरत नाही. स्क्रॅच आयतं काही देत नाही, म्हणूनच ते शिकवतं. 1992 च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडी गेममध्येही नकाशा सपाटच होता. पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक किरण सोडायचा, भिंत किती लांब आहे ते बघायचं आणि त्या हिशोबाने तिची उंची काढायची. स्क्रॅचमध्ये हेही करता येतं.

रूममेट म्हणते, "प्लेसमेंटला कोण विचारणार आहे स्क्रॅच?" कोणीही नाही, मान्य. स्क्रॅच हळू आहे, मोठं काम त्यात कोणी करत नाही. पण मीही ते रेझ्युमेवर टाका म्हणत नाही. माझी मागणी छोटी आहे. फर्स्ट इअरला मॅट्रिक्स शिकवतात त्या आठवड्यात एक प्रॅक्टिकल स्क्रॅचचं ठेवा. सी लँग्वेजचं नाव काढलं तरी घाबरणारी मुलं आपल्याच मजल्यावर राहतात. त्यांना सिंटॅक्सशी झगडायच्या आधी गणित तरी दिसू दे. आणि सर, ओरलला डेफिनिशनऐवजी एवढंच विचारा, "वस्तू डोळ्याच्या मागे गेली, झेड निगेटिव्ह झाला, तर पडद्यावर काय दिसेल?" (उलटी दिसते. करून बघा!)

पुढच्या कॅम्पला मी त्याच शाळेत जाणार आहे. त्या मुलीला 'नसतं' म्हणाले होते, ते परत घ्यायचंय. मांजर लांब कशी पाठवायची ते तिला दाखवायचंय. खरं तर नुसता भागाकार सांगायचा, बाकीचं ती स्वतःच करेल.

कोणाला यायचंय? मेसमध्ये भेटा. येताना हसू नका, एवढंच.