सर्टिफिकेट कोणतं? आधी काम ठरवा!

ऑगस्ट २०१८. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि तीन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गायब झाले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच हल्लेखोरांनी बगल दिली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले.

त्यानंतर नियम कडक होत गेले. सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणं २०२२ मध्ये बंधनकारक झालं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. साहजिकच कंपन्यांना माणसं हवी आहेत. आणि ‘काही महिन्यांत एथिकल हॅकर व्हा’ म्हणणारे क्लासही गल्लोगल्ली निघालेत. घरच्यांचे लाखभर रुपये भरण्याआधी जरा थांबा.

सायबर सिक्युरिटी म्हणजे एकच नोकरी नव्हे. रात्रपाळीत स्क्रीनवरचे अलर्ट तपासणारा सॉक अ‍ॅनालिस्ट, परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघणारा पेनटेस्टर आणि कंपनी नियम पाळते का हे तपासणारा ऑडिटर, या तिघांचं काम वेगळं. त्यामुळे सर्टिफिकेटही वेगळं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी कॉम्पटियाचं ‘सिक्युरिटी प्लस’ बरं. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, अनुभवाची सक्ती नाही. त्याने पाया पक्का होतो. ‘सीईएच’चं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याची मुख्य परीक्षा चार तासांत १२५ पर्यायी प्रश्नांची आहे. प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी द्यावी लागते. पेनटेस्टिंगच करायचं असेल तर ‘ओएससीपी’ला वजन जास्त. जवळपास २४ तास मशीन फोडत बसायचं आणि पुढच्या २४ तासांत रिपोर्ट लिहायचा! इथे घोकंपट्टी चालत नाही. मात्र खर्च हजार डॉलरच्या वर जातो, त्यामुळे तयारीशिवाय उडी नको.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘सीआयएसएसपी’बद्दल होतो. जाहिरातींत हे नाव दिसतं म्हणून मुलं त्याच्या मागे लागतात. पण त्यासाठी पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित विषयाची पदवी असेल तर एक वर्षाची सूट मिळू शकते. परीक्षा आधी पास झालात, तरी अनुभव पूर्ण होईपर्यंत तुम्ही फक्त ‘असोसिएट’. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने यावर पैसे घालणं घाईचंच.

मग करायचं काय? आधी नेटवर्किंग आणि लिनक्स शिका, थोडं पायथनही. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अ‍ॅकॅडमी फुकट आहे, ट्रायहॅकमीवरही बरंच काही मोफत आहे. तीन-चार महिने हात चालवून बघा. लॉग वाचण्यात मजा येते की त्रुटी शोधण्यात, हे तिथेच कळेल. केलेलं काम नीट लिहून ठेवा. मुलाखतीत तेच दाखवता येतं. फक्त कॉलेजच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय प्रयोग करू नका. आयटी कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो.

क्लासवाल्याला दोनच प्रश्न विचारा: परीक्षेची फी यात धरली आहे का? आणि सर्टिफिकेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं मिळणार की तुमच्या क्लासचं? उत्तर गोलमोल आलं तर पैसे खिशातच ठेवा.