काडी पैलवान

माणसाची किंमत उंची-वजनावरून ठरवण्याची खोड फक्त वरपित्यांना असते, अशी माझी समजूत होती. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या जाणत्यांनाही ती आहे, हे मला स्टीफन करीमुळे कळले. पोरगा अंगाने काडी. बाप डेल करी नामांकित खेळाडू. पण बापाच्याच व्हर्जिनिया टेक कॉलेजाने मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही! ती दिली डेव्हिडसन नावाच्या चिमुकल्या कॉलेजाने.

राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत या डेव्हिडसनने १९६९ नंतर एकही सामना जिंकला नव्हता. आणि २००८ च्या मार्चमध्ये या काडीने गोन्झागाविरुद्ध एकट्याने ४० गुण काढले! जॉर्जटाउनपुढे संघ १७ गुणांनी मागे पडला, तरी सामना मारला. मग विस्कॉन्सिन गारद. कॉलेजच्या विश्वस्तांनी पदरचे पैसे घालून विद्यार्थ्यांना बसगाड्यांनी डेट्रॉइटला धाडले. (आमच्या वेळचे विश्वस्त पंख्याचे बटणसुद्धा दाबू देत नसत!)

उपांत्यपूर्व फेरीत गाठ कॅन्ससशी. दोन गुणांची पिछाडी, शेवटचे काही क्षण. चेंडू करीच्या हातात आणि अंगावर दोघे राखणदार. मी असतो तर डोळे मिटून फेकला असता. त्याने तो जोडीदाराकडे, जेसन रिचर्ड्सकडे दिला. तीन गुणांचा नेम. पडला असता तर जिंकलेच होते. चुकला. ५९-५७.

पुढे धंदेवाईक खेळात करीने काय केले, ते तुमच्या घरातली पोरे सांगतील. मी मात्र त्या सामन्याची चित्रफीत तीनदा पाहिली. तिसऱ्या खेपेलाही वाटत होते, आता चेंडू जाळीत जाणार.