बोटांनाही इंग्रजी हवी

राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. दृष्टिहीन मुलांपर्यंत मात्र ती अनेकदा कानांवाटेच पोहोचते. मोबाइल वाचून दाखवतो, मूल ऐकते. पण ऐकलेले ‘राइट’ बरोबर या अर्थाचे की लिहिण्याचे, ते स्पेलिंग बोटांखाली आल्याशिवाय पक्के कसे व्हावे? खरे तर पाया तयारच आहे. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेल लिपीतला ‘क’ आणि इंग्रजी ब्रेलमधला ‘के’ यांचे ठिपके एकच. ब, म, ल, स यांचेही तसेच. अडते ते पुस्तकांपाशी आणि ब्रेल जाणणाऱ्या शिक्षकांपाशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत पुस्तकांची तरतूद आहे. तेव्हा ब्रेल पाठ्यपुस्तक जूनमध्येच, वर्गातल्या इतरांबरोबर हातात पडले पाहिजे आणि ‘चित्र पाहून सांगा’ या प्रश्नाला पर्यायही त्यातच छापलेला हवा.